सोळा पत्ते, चार चादरी आणि एक गोळी

पत्त्यांच्या कॅटमधून सोळा पाने बाजूला काढा. चारही रंगांचे, म्हणजे इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर यांचे एक्के, राजे, राण्या आणि गुलाम. आता ही पाने चार ओळींत, दर ओळीत चार, अशी मांडायची. अट एवढीच, की कोणत्याही आडव्या किंवा उभ्या ओळीत एकच चित्र दोनदा येता कामा नये आणि एकच रंगही दोनदा येता कामा नये. फ्रान्समध्ये १७२५ साली छापलेल्या मनोरंजक गणिताच्या एका पुस्तकात हे कोडे आहे. सुटीच्या दुपारी घरातल्या मुलांपुढे ठेवून पाहावे. अर्ध्या तासात बहुतेकांची सुटका होते, काहींची होत नाही.

ज्यांना धीर नाही त्यांच्यासाठी एक उत्तर असे. पहिली ओळ: इस्पिक एक्का, बदाम राजा, चौकट राणी, किलवर गुलाम. दुसरी: चौकट राजा, किलवर एक्का, इस्पिक गुलाम, बदाम राणी. तिसरी: किलवर राणी, चौकट गुलाम, बदाम एक्का, इस्पिक राजा. चौथी: बदाम गुलाम, इस्पिक राणी, किलवर राजा, चौकट एक्का.

रंग विसरून फक्त चित्रे पाहिली, तर प्रत्येक चित्र दर ओळीत एकदाच येते. अशा मांडणीला गणितात लॅटिन चौरस म्हणतात. वर्तमानपत्रात रोज येणारे सुडोकू म्हणजे नऊ बाय नऊचा लॅटिन चौरसच, फक्त त्यात तीन बाय तीनच्या घरांची एक जादा अट असते. पत्त्यांच्या कोड्यात मात्र दोन लॅटिन चौरस एकावर एक ठेवलेले आहेत, एक चित्रांचा आणि एक रंगांचा. ते असे जुळले आहेत की प्रत्येक चित्र प्रत्येक रंगाला नेमके एकदाच भेटते.

हा फावल्या वेळचा खेळ वाटेल. पण सोलापुरी चादर किती टिकते, काँक्रीटचा ठोकळा किती भार सोसतो आणि सरकारी दवाखान्यात मिळणारी स्वस्त गोळी महाग गोळीइतकीच चालते का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे याच चौरसातून शोधली जातात.

चादरीची परीक्षा

समजा, चार प्रकारच्या सुतांपासून विणलेल्या चार चादरींपैकी कोणती कमी झिजते हे पाहायचे आहे. कापडाची झीज मोजायला मार्टिंडेल नावाचे यंत्र वापरतात. त्यात कापडाचे गोल तुकडे बसवायचे, ते दुसऱ्या एका लोकरी कापडावर ठरावीक दाबाने हजारो वेळा घासायचे आणि मग किती वजन घटले ते पाहायचे. यंत्रात एका वेळी चार तुकडे बसतात असे धरू.

सोपा मार्ग म्हणजे पहिल्या जागी पहिली चादर, दुसऱ्या जागी दुसरी, असे चार वेळा करायचे. पण पहिल्या जागेवरचा दाब किंचित जास्त असेल तर? मग पहिली चादर दर वेळी जास्त झिजेल आणि यंत्राचा दोष चादरीच्या माथी बसेल. चारच काय, चारशे वेळा चाचणी केली तरी हा दोष जाणार नाही. चुकीचे उत्तर फक्त अधिक ठामपणे मिळेल.

उपाय पत्त्यांच्या मांडणीत आहे. आडव्या ओळी म्हणजे चाचणीच्या चार फेऱ्या, उभ्या ओळी म्हणजे यंत्रातल्या चार जागा. एक्का, राजा, राणी, गुलाम म्हणजे चार चादरी. आता प्रत्येक चादर प्रत्येक फेरीत एकदा आणि प्रत्येक जागेवर एकदा येते. एखादी जागा खराब असली तर तिचा त्रास चारही चादरींना सारखाच होतो आणि बेरजेत तो कटून जातो. घासायचे लोकरी कापड चार वेगवेगळ्या ताग्यांतले असेल तर त्यांना चार रंग समजावे. सोळा तुकड्यांत फेरी, जागा आणि तागा या तिघांचाही हिशेब होतो. प्रयोगशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत कापडाच्या झिजेचे हे उदाहरण कितीतरी वर्षे शिकवले जात आहे.

या युक्तीला प्रयोगशाळेचे आणि शेताचे दार उघडून दिले ते इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रातील संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी. १९३५ साली त्यांचे प्रयोगांच्या आखणीवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. शेताचा एक कोपरा खोल काळ्या मातीचा आणि दुसरा मुरमाड असतो, हे सोलापूर जिल्ह्यातल्या ज्वारी पिकवणाऱ्याला सांगायला नको. उतार एका दिशेला, मातीची खोली दुसऱ्या दिशेला बदलते. पाच वाणांची तुलना करायची तर पाच बाय पाचचे पंचवीस वाफे लॅटिन चौरसात लावले की जमिनीचा कोणा एका वाणाला फायदा मिळत नाही. भारतात ही पद्धत शेती संशोधकांच्या पिढ्यांना शिकवणारे पुस्तक १९५४ साली आले. त्याचे लेखक होते व्ही. जी. पानसे आणि सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे.

छत्तीस अधिकारी

या खेळाच्या गणिताची कथा एका जवळजवळ आंधळ्या माणसापासून सुरू होते. लिओनार्ड ऑयलर हा अठराव्या शतकातला सर्वांत मोठा गणिती. त्याचा उजवा डोळा तरुणपणीच अधू झाला होता. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. १७७१ साली शस्त्रक्रिया झाली, थोडे दिवस दिसू लागले, मग ती दृष्टीही गेली. त्यानंतरही त्याचे काम थांबले नाही. तो तोंडी सांगे आणि मदतनीस लिहून घेत. १७८२ साली छापलेल्या एका लेखात त्याने विचारले: सहा पलटणींतून प्रत्येकी सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचे अधिकारी घेतले, तर हे छत्तीस जण सहा बाय सहाच्या चौरसात असे उभे करता येतील का, की दर ओळीत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकदाच येईल?

हे पत्त्यांचेच कोडे, फक्त चारऐवजी सहाचे. ऑयलरला ते जमले नाही. विषम संख्यांसाठी आणि चारने भाग जाणाऱ्या संख्यांसाठी मांडणी करता येते हे त्याने दाखवले होते. उरल्या त्या २, ६, १०, १४, १८, २२ अशा संख्या, म्हणजे ज्यांना चारने भागल्यावर दोन उरतात. यांपैकी कशासाठीही मांडणी शक्य नाही, असा त्याने अंदाज बांधला. फ्रान्सच्या गास्तों तारी यांनी १९०० च्या सुमारास हाताने एकेक शक्यता तपासून सहाच्या बाबतीत ऑयलर बरोबर असल्याचे सिद्ध केले. दहाची तपासणी हाताने होणे अशक्य होते. पुढची पन्नास-साठ वर्षे बहुतेकांनी ऑयलरचा शब्द प्रमाण मानला.

तो खोटा ठरवणाऱ्या तिघांत एक मराठी माणूस होता. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१७ चा, मध्य प्रदेशातल्या सागर गावचा. नागपूरच्या शासकीय विज्ञान महाविद्यालयात शिक्षण झाल्यावर ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत गेले. त्या संस्थेत १९३७-३८ च्या हिवाळ्यात फिशर येऊन गेले होते आणि प्रयोगांच्या आखणीतले गणिती प्रश्न तिथल्या राजचंद्र बोस यांना त्यांनीच लावून दिले होते. बोस पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात गेले. श्रीखंडे यांनी १९५० साली त्यांच्याच हाताखाली डॉक्टरेट मिळवली.

१९५९ साली बोस आणि श्रीखंडे यांनी २२ बाय २२ ची मांडणी प्रत्यक्ष तयार करून दाखवली. पाठोपाठ अमेरिकेतले अर्नेस्ट पार्कर यांनी १० बाय १० ची केली. मग तिघांनी मिळून सिद्ध केले की अशक्य संख्या दोनच, २ आणि ६. बाकी सगळीकडे मांडणी शक्य आहे. १७७ वर्षे टिकलेला अंदाज कोसळला. २६ एप्रिल १९५९ च्या न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली. गणिताच्या वाट्याला हा मान क्वचितच येतो. तिघांना तेव्हापासून 'ऑयलरचा खेळ मोडणारे' असे गमतीने म्हटले जाऊ लागले.

श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात आले. तिथले गणिताचे प्रगत अध्ययन केंद्र उभे करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. सोळा बिंदूंची एक विशिष्ट जाळी आजही जगभर 'श्रीखंडे आलेख' म्हणून ओळखली जाते. २१ एप्रिल २०२० रोजी, वयाच्या १०२ व्या वर्षी, विजयवाड्यात त्यांचे निधन झाले.

एक्क्याऐंशीऐवजी नऊ

या चौरसांचा इंजिनिअरला काय उपयोग? सोलापूरजवळ एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. कोळसा जाळला की राख उरतेच. ही बारीक राख, म्हणजे फ्लाय अॅश, सिमेंटच्या काही भागाऐवजी काँक्रीटमध्ये घालता येते. पण किती घालावी? पाणी किती असावे? वाळू कोणती, आणि काँक्रीट पसरायला सोपे जावे म्हणून घालायचे रसायन किती? चार बाबी आणि प्रत्येकीच्या तीन पातळ्या धरल्या तर ८१ मिश्रणे होतात. प्रत्येकाचे तीन क्यूब पाडले तर २४३ क्यूब. ते २८ दिवस पाण्यात ठेवायचे आणि मग यंत्रात दाबून फोडायचे. कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला ते परवडणारे नाही.

आता तीन बाय तीनचा चौरस घ्या. आडव्या ओळी राखेच्या तीन पातळ्यांना द्या आणि उभ्या ओळी पाण्याला. घरातले चित्र वाळूचे आणि रंग रसायनाचा. नऊ घरे, म्हणजे नऊ मिश्रणे, २७ क्यूब. या नऊ मिश्रणांत कोणत्याही दोन बाबींच्या पातळ्यांची प्रत्येक जोडी नेमकी एकदा येते. त्यामुळे चारही बाबींचा स्वतंत्र परिणाम वेगळा काढता येतो. अशा तक्त्यांचे सर्वसाधारण गणित १९४० च्या दशकात सी. आर. राव यांनी मांडले. जपानचे गेनिची तागुची १९५४-५५ मध्ये कोलकात्याच्या त्याच संस्थेत राहून गेले आणि पुढे त्यांनी अशा तक्त्यांना कारखान्यात नेले. आज वेल्डिंग, लेथवरचे काम, प्लॅस्टिक, मिश्रधातू अशा कितीतरी विषयांवरच्या प्रबंधांत 'तागुची एल-९' हा नऊ ओळींचा तक्ता दिसतो. तो मुळात पत्त्यांच्या कोड्याचा धाकटा भाऊ आहे.

याची एक मर्यादाही सांगायला हवी. नऊ प्रयोग पुरतात ते चारही बाबी एकमेकींच्या कामात फारशी ढवळाढवळ करत नसतील तरच. राख वाढली की पाण्याची गरजही बदलत असेल, तर हा तक्ता फसवू शकतो. म्हणून चांगला अभ्यासक शेवटी निवडलेले मिश्रण पुन्हा एकदा स्वतंत्रपणे बनवून तपासतो. ही शेवटची तपासणी ज्यात नाही त्या निष्कर्षावर पूल बांधू नये.

गोळी बदलली, रक्तदाब वाढला

आता माणसाकडे येऊ. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या औषधांचा खर्च महिन्यामागून महिने, आयुष्यभर चालतो. यंत्रमागावर किंवा विड्या वळून पोट भरणाऱ्या घरात औषधाची किंमत कमी होणे ही मोठी गोष्ट असते. म्हणून जेनेरिक औषधे, जनऔषधी केंद्रे आणि सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या महत्त्वाच्या. तरीही एक तक्रार सर्वत्र ऐकू येते: "गोळी बदलली आणि माझा बीपी वाढला."

तक्रार खोटी नसते, आकडा खरोखर वाढलेला असतो. पण कारण गोळीच असेल असे नाही. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो. उष्णतेने त्वचेकडच्या रक्तवाहिन्या प्रसरण पावतात, घामावाटे पाणी आणि मीठ जाते आणि रक्तदाब थोडा उतरतो. थंडीत वाहिन्या आकसतात आणि तो चढतो. उन्हाळ्यात जुनी गोळी आणि डिसेंबरात नवी गोळी घेतली, तर नवी गोळी नाहक बदनाम होते. एप्रिलमध्ये बदलली, तर तिला नसलेले श्रेय मिळते. यंत्रातल्या खराब जागेचा दोष चादरीच्या माथी बसावा, तसेच हे.

गोळ्यांची न्याय्य तुलना कशी करतात? सर्वांत लहान लॅटिन चौरस वापरून, म्हणजे दोन बाय दोनचा. निरोगी स्वयंसेवकांचे दोन गट करतात. कोण कोणत्या गटात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे नशिबावर ठरते. एका गटाला आधी मूळ कंपनीची गोळी, नंतर जेनेरिक. दुसऱ्याला आधी जेनेरिक, नंतर मूळ. मध्ये पहिले औषध शरीरातून पूर्ण निघून जाईल इतके दिवस जाऊ देतात. दोन्ही वेळा ठरावीक अंतराने रक्त घेऊन औषधाची सर्वोच्च पातळी किती आणि एकूण औषध किती शोषले गेले ते मोजतात. प्रत्येक माणसाची तुलना स्वतःशीच होते. क्रमाचा फायदा किंवा तोटा दोन्ही गोळ्यांना सारखाच वाटला जातो. याला जैवसमतुल्यता चाचणी म्हणतात.

निकालासाठी ८० ते १२५ टक्के ही मर्यादा सांगितली जाते आणि तिचा हमखास गैरसमज होतो. जेनेरिक गोळीत २० टक्के औषध कमी असले तरी चालते, असा तिचा अर्थ नाही. मोजमापात राहणारी अनिश्चितता धरून येणारा संपूर्ण पट्टा या मर्यादेत बसावा लागतो. त्यामुळे प्रत्यक्ष सरासरी फरक बराच लहान असावा लागतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९६ ते २००७ या काळातल्या २,०७० चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा एकूण शोषणातला सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. भारतात २०१७ साली नियमांत दुरुस्ती झाली आणि पाण्यात सहज न विरघळणाऱ्या तोंडी औषधांच्या उत्पादन परवान्यासाठी ही चाचणी बंधनकारक करण्यात आली.

या चाचणीलाही सीमा आहेत. ती गोळीच्या रचनेबद्दल सांगते. एखाद्या कारखान्यातून आलेली प्रत्येक बॅच तशीच आहे का, किंवा मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत गोळ्या किती तापल्या, हे ती सांगत नाही. त्यासाठी औषध निरीक्षकांची तपासणी आणि नीट साठवण हवी. शिवाय थायरॉइड, फेपरे किंवा रक्त पातळ ठेवण्याची काही औषधे अशी असतात की त्यांची मात्रा थोडी बदलली तरी फरक पडतो. त्यांची कंपनी बदलली तर डॉक्टरांना सांगावे आणि गरज असल्यास रक्त तपासून घ्यावे. आणखी एक गोष्ट: दोन औषधे पाळीपाळीने देऊन तुलना करणे सगळ्याच आजारांत जमत नाही. रक्तदाबासारख्या टिकून राहणाऱ्या आजारात ते शक्य आहे. पहिल्याच औषधाने न्यूमोनिया बरा झाला, तर दुसऱ्या औषधासाठी आजारच उरत नाही. तिथे मोठे गट करून वेगळ्या पद्धतीने तुलना करावी लागते.

वाचकाच्या हातात काय?

कोणत्याही दाव्यापुढे एक प्रश्न ठेवता येतो: तुलना कशाशी केली आणि कशी केली? 'आमच्या काढ्याने शंभर जणांची साखर उतरली' असे कोणी सांगितले, तर काढा न घेतलेल्या तशाच शंभर जणांचे काय झाले हे विचारावे. काढ्याबरोबर चालणे आणि पथ्यही सुरू झाले होते का, तेही विचारावे. 'या नव्या सिमेंटचा स्लॅब तडकत नाही' म्हटले, तर जुना स्लॅब कोणत्या ऋतूत घातला होता आणि त्यावर पाणी किती दिवस मारले होते हे विचारावे. शंभर हा आकडा मोठा आहे म्हणून तुलना न्याय्य होत नाही. मांडणी चुकली असेल तर शंभरातही चूकच मोजली जाते.

गोळी बदलल्यावर रक्तदाब वाढलेला दिसला तर ती स्वतःहून बंद करू नये. घरी यंत्र असेल तर आठवडाभर रोज सकाळी ठरावीक वेळी, पाच मिनिटे शांत बसून, चहा-तंबाखूच्या आधी, एकाच हातावर दोनदा मोजावा. एका वहीत तारीख, वेळ, दोन्ही आकडे आणि गोळीच्या पाकिटावरचे नाव लिहावे. ज्या दिवशी गोळी चुकली तो दिवसही लिहावा. यंत्र नसेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी मोजून घ्यावा. सतत १८० च्या वर आकडा, छातीत दुखणे, बोलताना जीभ अडखळणे किंवा एका बाजूची ताकद जाणे असे काही दिसले तर वही बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठावा. एरवी ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. गोळी दोषी, थंडी दोषी की चुकलेल्या गोळ्या दोषी, हे एका आकड्यापेक्षा त्या वहीच्या दोन पानांवरून लवकर कळते.